कानांनी लिहिलेली नावं

गिरमिट म्हटलं की मराठी माणसाला सुताराची पेटी आठवते. लाकडाला भोक पाडण्याचं ते हत्यार. इंग्रजी ‘गिम्लेट’ आपल्या तोंडी रुळून गिरमिट झालं. हुबळी-धारवाडकडे गिरमिट चुरमुऱ्यांचं असतं आणि बशीतून येतं. फिजीत किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये मात्र गिरमिट म्हटलं की पणजोबांची गोष्ट सुरू होते. त्या गिरमिटाचा सुताराशी काही संबंध नाही. ते ‘ॲग्रीमेंट’चं रूप आहे. उसाच्या मळ्यात ठरावीक वर्षं राबण्याचा करार, त्यावर अंगठा, आणि ज्याने अंगठा दिला तो गिरमिटिया. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना हा शब्द मुद्दाम समजावून सांगितला आहे.

अशा रूपांना ‘अपभ्रंश’ म्हणून बाजूला सारायची आपल्याला सवय आहे. मला ती पटत नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाने आयुष्य बांधून टाकणारा एक परका शब्द ऐकला, त्यातलं जिभेला पेलेल तेवढं ठेवलं आणि त्याच शब्दाला आपली ओळख केलं. ‘ॲग्रीमेंट’ साहेबाच्या कपाटात राहिलं. गिरमिट ज्यांनी भोगलं त्यांच्याकडे राहिलं. नेमकं हेच पलीकडच्या बाजूलाही घडत होतं. टेबलामागचा कारकून समोरच्या माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव ऐकत होता आणि त्याच्या कानाला जे पेललं ते वहीत उतरवत होता. आज मॉरिशस, सुरिनाम, त्रिनिदाद, गयाना, फिजी, नाताळ इथल्या मजुरांचे पणतू-खापरपणतू संगणकावर आपली मुळं शोधतात, तेव्हा त्यांना सापडतं ते हे असं, दोन्हीकडून कानांनी लिहिलेलं. ते कानांनीच वाचावं लागतं.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला आणि उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात लागलं. तिथपासून १९२० पर्यंत एकट्या मॉरिशसमध्ये जवळजवळ पाच लाख माणसं उतरली. नाताळला पहिलं जहाज ‘ट्रुरो’ १६ नोव्हेंबर १८६० रोजी पोचलं. सुरिनामला ‘लाला रूख’ ५ जून १८७३ रोजी. फिजीला ‘लिओनिडास’ १४ मे १८७९ रोजी. बहुतेक माणसं बिहार, पूर्व उत्तर प्रदेश आणि तमिळ-तेलुगू मुलखातली. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांतून कोकणातली मराठी माणसं मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तिथे ‘मराठी’ म्हणूनच ओळखले जातात, गणपती बसवतात आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने नाचतात. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

या माणसांनी जाताना देशांची नावंसुद्धा आपल्या कानाप्रमाणे बदलून घेतली. जॉर्ज ग्रिअर्सन, पुढे भारतीय भाषांच्या पाहणीमुळे नावाजलेला तोच, १८८३ मध्ये बंगाल इलाख्यातल्या मजूरभरतीची चौकशी करत गावोगाव हिंडला. लोकांच्या तोंडी त्याला मॉरिशस ‘मिरिच’ म्हणून सापडलं, गयानातलं डेमेरारा ‘डमरा’ म्हणून, त्रिनिदाद ‘चिनितात’ म्हणून. सुरिनामचं तर पुढे ‘श्रीराम टापू’ झालं. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अनोळखी आवाजात ओळखीचा अर्थ ऐकायचा. मिरिच म्हटलं की कुणाला रामायणातला मारीच आठवला. चिनितातमध्ये चिनी, म्हणजे साखर, ऐकू आली. तिथे जाऊन साखर चाळायची आहे एवढंच सांगून माणसं नेल्याच्या आठवणी त्रिनिदादच्या घराघरांत आहेत. श्रीरामाच्या बेटावर जायला कोण भिईल? ही नावं लोकांनी घडवली हे खरं, पण भरती करणाऱ्यांना ती फार सोयीची पडली असणार.

त्या भरती करणाऱ्याचं नाव अर्काटी. काही जण ते ‘रिक्रूटर’वरून आलं असं म्हणतात, काही जण तमिळ मुलखातल्या अर्काट शहरावरून. दोन्हींच्या बाजूने बोलता येतं, आणि एखाद्या शब्दात दोन उगम मिसळून जाणं हे काही नवलाचं नाही. ‘कुली’बद्दलही असाच वाद आहे. तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी, केलेल्या कामाचा मोबदला. दुसरं मत असं की पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी लोकांचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडी गेलं आणि तिथून ओझी वाहणाऱ्या सगळ्यांनाच लागलं. आपला ‘मजूर’ फार्सी ‘मुज्द’वरून आलेला, आणि त्याचाही अर्थ मोबदलाच. म्हणजे कुली तमिळ धरला तर दोन्ही शब्दांत आधी दाम आहे, माणूस मागून आला. पण एका शब्दाचं पुढे कामगार चळवळीने सोनं केलं आणि दुसरा शिवीसारखा वापरला गेला. मॉरिशसमधल्या ‘कुली घाटा’चं नाव बदलून ‘आप्रवासी घाट’ ठेवलं गेलं त्यामागे ही जखम आहे.

आप्रवासी घाट म्हणजे पोर्ट लुईच्या धक्क्यावरचा मजुरांचा डेपो, १८४९ पासून बांधत गेलेला. बोटीतून उतरलेला माणूस तिथल्या सोळा पायऱ्या चढून वर येई. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मराठी वाचकाला या नावात दोन ठिकाणी थांबावं लागतं. आपल्याला घाट म्हणजे आधी सह्याद्रीचा घाट, खंबाटकी नाहीतर आंबा. नदीचा घाट नंतर. आणि प्रवासी म्हणजे एस.टी.त बसलेला माणूस. संस्कृतात ‘प्र’ आणि ‘वस्’ यांचा अर्थ घरापासून दूर राहणं असा आहे. हिंदी-बंगालीने तो जपला, म्हणून तिथे प्रवासी म्हणजे परदेशी राहिलेला. मराठीने त्यातलं राहणं सोडलं आणि जाणं तेवढं ठेवलं. मॉरिशसला गेलेल्या कोकणी माणसाच्या बाबतीत मूळ अर्थच खरा ठरला.

या डेपोत जे कागद तयार झाले ते आज मॉरिशसमधल्याच मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. वहीत त्याच्यापुढे जहाजाचं नाव, माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, जिल्हा, परगणा, गाव आणि शेवटी कोणत्या मळ्यावर पाठवला ते लिहिलेलं असे. १८६० च्या दशकात मजुराच्या ओळखतिकिटावर छायाचित्र लावायची सक्ती झाली. ती मजुरांना पळून जाता येऊ नये म्हणून होती. आज वंशजांना पणजोबांचा चेहरा दिसतो तो त्या सक्तीमुळे. सुरिनामच्या मजुरांची, सुमारे ३४ हजार माणसांची यादी नेदरलँड्स आणि सुरिनामच्या राष्ट्रीय अभिलेखागारांमार्फत इंटरनेटवर खुली आहे. नाताळच्या जहाजांच्या याद्याही संगणकावर आल्या आहेत. फिजी, गयाना, सुरिनाम आणि त्रिनिदादची मजूरदप्तरं २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदीत गेली.

दप्तर हा शब्दही मोठा प्रवास करून आला आहे. ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत. ते फार्सी-अरबीत ‘दफ्तर’ झालं, पेशव्यांच्या कारभारात हिशेबाचं दप्तर झालं, आणि आता शाळेतल्या पोराच्या पाठीवर आहे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला ‘डिप्थेरिया’ म्हणतात, तोही याच ग्रीक शब्दावरून. कागद येण्याआधी स्मृती कातड्यावर ठेवत असत, हे त्या एका शब्दाने आपल्यासाठी धरून ठेवलं आहे.

आता त्या वहीतल्या रकान्यांकडे. शोध घेणाऱ्याची खरी परीक्षा तिथे आहे.

जिल्हा हा अरबी शब्द. मूळ अर्थ बरगडी, बाजू. मॉरिशसच्या वहीत तो इंग्रजी अक्षरांत ‘झिल्ला’ म्हणून येतो, आणि त्याच्या खाली मुंबईकडच्या माणसांपुढे ‘रटनागेरी’सारखं काहीतरी दिसतं. रत्नागिरीच ती. पण आजची नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा निघाला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरीत होतं. तेव्हा पूर्वज रत्नागिरीचा असं वाचून कुणी थेट रत्नागिरी शहर गाठलं तर तो दीडशे किलोमीटर चुकलेला असू शकतो. सावंतवाडी वेगळं संस्थान होतं. रायगडाला कुलाबा म्हणत. तालुके तर ओळखूच येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रत्नागिरीत सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग असे किल्ल्यांच्या नावांचे तालुके होते. इंग्रज सुवर्णदुर्गाला ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणत. त्यांच्या देशात सेव्हर्न नावाची नदी आहे, त्यामुळे सुवर्णऐवजी त्यांना सेव्हर्न ऐकू आलं असेल. भोजपुरी माणसाला त्रिनिदादमध्ये चिनी ऐकू आली, तसंच. हर्णैसमोर समुद्रात उभा असलेला किल्ला ज्याला माहीत आहे तो हे नाव एका क्षणात सोडवतो. पोर्ट लुईत जन्मलेल्या माणसाला ते जगाच्या कोणत्याच नकाशात सापडत नाही.

ठाण्याचाही असाच गुंता आहे. सुरिनामच्या नोंदीत ‘थाना’ हा स्वतंत्र रकाना आहे, म्हणजे पोलीस ठाणं. मुंबई इलाख्याच्या कागदांत तेच अक्षर, थोड्या फरकाने, ठाणे शहर आणि जिल्हा असतं. दोन्ही ‘स्थान’ या एकाच शब्दाची लेकरं, त्यामुळे दिसायला सारखी असायचीच. जातीच्या रकान्यात आणखी जपावं लागतं. सुरुवातीच्या काळात छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातून गेलेल्या आदिवासी मजुरांना इंग्रजी कागदांत ‘धांगर’ म्हटलेलं आहे. ओरांव, मुंडा अशी ती माणसं. मराठी वाचणारा तिथे धनगर वाचतो आणि लगेच मेंढरं घेऊन माणदेशात शिरतो. आणि ‘मराठा’ असं लिहिलं असेल तर ती जात आहे, मुलूख आहे की नुसती भाषा आहे हे कारकुनाने स्वतःला विचारलं असेल असं मानायला काही आधार नाही.

नावांचं प्रकरण सर्वांत नाजूक. त्या काळचा इंग्रजी कारकून मराठी-हिंदीतला ऱ्हस्व ‘अ’ लिहायला रोमन यू वापरी. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये ही सवय आजही टिकून आहे. त्यामुळे लक्ष्मणाच्या नावात दोन ठिकाणी यू शिरतो, गणेशाच्या पहिल्या अक्षरातही. ही खूणगाठ एकदा मनाशी बांधली की मॉरिशसची अर्धी आडनावं उलगडतात. तिथल्या दिवंगत पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथांचं आडनाव रोमन अक्षरांत ‘यू’ घेऊनच येतं. रामगुलाम हे आडनाव तर राम आणि अरबी गुलाम यांचं, रामाचा सेवक. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील १८९६ मध्ये बिहारमधून तिथे गेले होते. पूर्वेकडच्या माणसांच्या तोंडी ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून विश्वेश्वराचं ‘बिसेसर’ होतं. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ मध्ये बिहारच्या बक्सर जिल्ह्यात भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या, तेव्हा त्यांचं आडनाव तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावं लागलं नसेल.

ही आडनावं मुळात आडनावं नव्हतीच. जहाजातून उतरलेल्या माणसाचं एकेरी नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. मराठी माणसाने हे फार लक्षात ठेवायला हवं, कारण कोकणातून गेलेल्याचं आडनाव वहीत बहुधा उतरलेलंच नाही. त्याचं नाव आणि बापाचं नाव, एवढंच. म्हणून मॉरिशसच्या मराठी घराचं आडनाव घेऊन रत्नागिरीत तशा आडनावाचं घराणं शोधणं व्यर्थ आहे. ते आडनाव म्हणजे एका माणसाला त्याच्या आईने मारलेली हाक आहे. मुलं जगत नसली की आपल्याकडे धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. असं नाव वहीत दिसलं तर त्याच्या आधी त्या घरात काय घडून गेलं होतं याचा अंदाज मराठी वाचणाऱ्याला येतो. बाकी कुणालाही तिथे फक्त अक्षरं दिसतील. आणि ‘ळ’ला रोमन लिपीत स्वतःचं अक्षरच नाही, बाळा आणि बाला, काळू आणि कालू हे कागदावर एक होऊन जातात. संगणकाच्या शोधखिडकीत एकच स्पेलिंग घालून ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं म्हणून शोध सोडणाऱ्यांना म्हणूनच सांगावंसं वाटतं: नाव मोठ्याने म्हणा, एकदा इंग्रजाच्या जिभेने, एकदा फ्रेंचाच्या, आणि स्वर बाजूला ठेवून व्यंजनांचा सांगाडा तेवढा शोधा. आणि क्रमांक हाती असेल तर नावाआधी क्रमांक. तो ऐकण्यात बिघडत नाही.

या कोरड्या रकान्यांपैकी एकाने मात्र नवं नातं जन्माला घातलं. तो जहाजाचा. अरबी ‘जहाज’ म्हणजे मुळात सामग्री, सरंजाम. समुद्रावरच्या सरंजामाला आपण जहाज म्हणू लागलो आणि मुलीबरोबर पाठवायच्या सरंजामाचं ‘जहेज’वरून दहेज झालं. एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांची ‘जहाजी भाई’ झाली. जात बोटीवर सांभाळता आली नव्हती, गाव मागे राहिलं होतं. मग बोट हेच गोत्र ठरलं. कॅरिबियनमधल्या जुन्या घरांत जहाजी भावांच्या मुलामुलींचं लग्न लावणं वर्ज्य मानत. सुरिनामात आणखी एक नातं आहे, डिपुआ भाई: कलकत्त्याच्या डेपोत एकत्र थांबलेले. वंशजांना पूर्वजाच्या गावाचा पत्ता लागत नाही तेव्हा ते त्याच जहाजातल्या दुसऱ्या माणसाची नोंद उघडतात, कारण अर्काटी बरेचदा एकाच पंचक्रोशीतून माणसं गोळा करत. जहाजी भावाच्या नावापुढे गाव नीट लिहिलेलं असतं आणि आपलं कोडं तिथे सुटतं.

अशा शोधाचं चांगलं उदाहरण म्हणजे गायत्रा बहादूर यांचं ‘कुली वुमन’ हे २०१३ चं पुस्तक. १९०३ मध्ये त्यांची पणजी सुजरिया ‘क्लाइड’ जहाजातून एकटी, गरोदर असताना कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला निघाली. तिच्या परवान्याच्या एका कागदावरून पणतीने पुढचा-मागचा सगळा माग काढायचा प्रयत्न केला. जी शिवी होती ती तिने पुस्तकाच्या नावातच घेतली.

मॉरिशसमध्ये हे कागद आता नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या असताना, भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना भारताचं परदेशस्थ नागरिकत्वाचं कार्ड मिळू शकेल अशी घोषणा झाली. हा सातचा आकडा वाचून मला ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्राच्या ग्रंथातलं सपिंड नातं आठवलं. बापाकडून तेही सातव्या पिढीपर्यंतच मोजतात. पिढी हा शब्द ‘पीठिका’वरून आलेला, म्हणजे बसायचा पाट. आणि वंश म्हणजे मुळात बांबू. पेरावर पेर चढत जाणारा, म्हणून घराण्याला ते नाव मिळालं.

सात पेरं खाली उतरून आलेल्या या माणसाला कोकणात काय सापडेल? मराठा-कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून कोतवाल बुक आणि गाव नमुना नंबर चौदा हे शब्द घराघरांत पोचले आहेत. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यांत असतात, बऱ्याच मोडीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या आहेत, पण तिथवर जाऊन नाव लिहवून घेणं ज्याला जमलं त्याच्याच. शेताच्या कागदांत शोधावं तर रत्नागिरीत गावंच्या गावं खोतांच्या नावावर. जमीन कसणारा हा खोताचं कूळ. इथे मराठीने एक विलक्षण गोष्ट केली आहे. कुलदैवत, कुळाचार यांतलं कुळ आणि कूळकायद्यातलं कूळ हा एकच शब्द आहे. कुल म्हणजे घराणं. मग सारा भरणारं एकेक घर. मग दुसऱ्याची जमीन कसणारा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. त्याआधी शंभर वर्षं जे कूळ मुंबईच्या धक्क्यावरून निघून गेलं, त्याचं नाव त्याच्या गावच्या जमिनीच्या कागदांत मिळण्याची शक्यता थोडी. त्याचं, त्याच्या बापाचं आणि त्याच्या गावाचं नाव एका ओळीत लिहिलेला कागद बहुतेक वेळा एकच, आणि तो मोक्यात आहे. त्यातलं गावाचं नाव इंग्रजी अक्षरांतून परत मराठीत आणून देणं हे दापोली, गुहागर, मालवणच्या माणसाला जितकं सहज जमेल तितकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.